साइन म्हणजे धनुष्याची दोरी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "काटकोन त्रिकोणात कोनाची संमुख बाजू भागिले कर्ण, हे पाठ आहे गं आई. पण त्याला साइन का म्हणायचं, ते कुणीच सांगत नाही." तो प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

कागदावर वर्तुळ काढ आणि एका कंसाची दोन टोकं रेषेनं जोड. ही जीवा, तुला ठाऊकच आहे. आता बाकीचं वर्तुळ हातानं झाक. कंस म्हणजे वाकवलेलं धनुष्य आणि जीवा म्हणजे त्याची दोरी! संस्कृतात ज्या किंवा जीवा म्हणजे दोरीच. दोरीच्या मध्यापासून कंसापर्यंतच्या अंतराला आपले जुने गणिती 'शर' म्हणत, म्हणजे बाण. हे चित्र मला फार आवडतं.

आकाशातल्या ग्रहांचं गणित करताना मात्र अख्ख्या दोरीपेक्षा अर्धी दोरी सोयीची, कारण तिच्यामुळे काटकोन त्रिकोण मिळतो. ती अर्धज्या. बोलताना 'अर्ध' गळून गेलं आणि नुसती ज्या उरली. तुझी संमुख बाजू ती हीच आणि वर्तुळाची त्रिज्या म्हणजे तुझा कर्ण.

हा शब्द अरबांकडे गेला तेव्हा 'जीब' झाला. त्यांच्या भाषेत त्याला काही अर्थ नव्हता. पण अरबीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे तीच अक्षरं 'जैब' अशीही वाचता येत. जैब म्हणजे कपड्याची छातीशी पडणारी घडी, खिसा. हिंदीतला 'जेब' तोच. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतरं झाली, तेव्हा या 'घडी'साठी तिथला शब्द आला, सायनस. त्याचंच साइन झालं. सर्दीत नाकाच्या आसपास दुखतं ते सायनस म्हणजे पोकळ्या, तोही हाच शब्द.

दोरीची घडी झाली, तरी आतलं गणित तसंच राहिलं. आर्यभटानं इ. स. ४९९ च्या सुमारास ३४३८ त्रिज्या धरून अर्धज्यांची सारणी दिली. तीस अंशांना तिच्यात १७१९ येतात, बरोबर निम्मे. ते का, हे तूच शोध. साठ अंशांचा कंस घे, त्याची टोकं केंद्राला जोड, कुठला त्रिकोण होतो बघ आणि मग दोरी अर्धी कर. आकृतीचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई