कुर्डुवाडीच्या कातळाखाली काय आहे? खनिकर्म मंत्र्यांना खुले पत्र

मा. खनिकर्म मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

पुण्याहून सोलापूरला रेल्वेने जाताना कुर्डुवाडी लागते. तिथल्या काळ्या कातळाखाली एक जुना वाद पडून आहे. गुरुत्वमापनात, म्हणजे जागोजागचं गुरुत्वाकर्षण मोजताना, दिसलेल्या घटीवरून कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या भूभौतिकी शास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलं, की दख्खनच्या लाव्ह्याखाली कोयना आणि कुर्डुवाडी अशा दोन खचदऱ्या गाडल्या गेल्या असाव्यात. जमीन ताणली जाऊन मधला पट्टा खाली बसतो, त्यात गाळ साचत जातो. दरी कधी आणि किती खचली, याची नोंद त्या गाळाच्या थरांत राहते. आपल्याकडची असली तर ती सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याखाली झाकलेली आहे.

कोयनेला विंधन छिद्र घेतलं तेव्हा सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी खडक. गाळ नाहीच. कुर्डुवाडीचं काय? एवढं खोल छिद्र जागोजाग पाडायला पैसा कुठून आणणार?

गुरुत्वमापन फक्त सांगतं, की खाली काहीतरी हलकं आहे. गाळ हलका असतो, तसा एखादा ग्रॅनाइटही असतो. कृत्रिम भूकंपलहरी सोडून पाहावं, तर त्या बेसाल्टच्या थरांत विखुरतात. मॅग्नेटोटेल्यूरिक सर्वेक्षण वेगळंच विचारतं: खालचा खडक वीज किती वाहू देतो? खारं पाणी मुरलेला गाळ वाहू देतो, ग्रॅनाइट अडवतो. बाहेरून वीज सोडावी लागत नाही. जगभर कडाडणाऱ्या विजा आणि सौरवारा यांमुळे जमिनीत क्षीण प्रवाह फिरतच असतात. चढउतार जितका संथ, तितकं खोलचं दिसतं.

विद्यार्थ्यांना घेऊन मी हे शेतात केलं आहे. खड्ड्यात ओली माती कालवून जमिनीतली वीज टिपणाऱ्या इलेक्ट्रोडची मडकी बसवायची, चुंबकीय चढउतार टिपणाऱ्या कॉइल उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम पुरायच्या आणि रात्रभर नोंद घ्यायची. बांधावरचे आजोबा विचारणार, "पाणी किती फुटावर लागंल?" खरी पंचाईत रात्री. शेतीची थ्री-फेज आली की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि आमचा क्षीण संकेत त्यात बुडतो. एकदा सकाळी नोंदींचं मेमरी कार्ड उघडलं तर आठ तासांत कामाचा तासभरही नव्हता.

हे दुखणं जुनं आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेची चुंबकीय निरीक्षणं १९०४ साली अलिबागला हलवली गेली. सरकारला तेव्हा हे कळलं होतं, हे विशेष!

हैदराबादच्या एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था) आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेने दख्खनवर अशी सर्वेक्षणं केली आहेत. सौराष्ट्रात लाव्ह्याखालचा गाळ याच पद्धतीने दिसला. अशा गाळात तेल असू शकतं, पण ती आशा दाखवून मी पैसे मागणार नाही. मागणं इतकंच: पुणे ते सोलापूर, रुळांपासून आणि उच्चदाब तारांपासून दूर, दर ५ किलोमीटरला या मोजणीचं एक ठाणं घ्यावं आणि कच्च्या नोंदी विद्यापीठांना खुल्या कराव्यात. आणि ज्या शिवारात मडकी पुरली असतील, तिथे वीज कंपनीला सांगून दोन रात्रींची थ्री-फेज दिवसा द्यायला लावावी. शेतकरी नाही म्हणणार नाहीत. रात्री पाणी द्यायला जायची हौस त्यांनाही नाही.

आपला,
भूभौतिकीचा एक निवृत्त शिक्षक
कोथरूड, पुणे