रिपोर्ट यायचा होता तेव्हा सोबत बसलेल्या काकूंना

ती. स्व. काकू,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर "हे काय चारचौघांत मांडलंयस" म्हणून जिन्यातच गाठाल. पण पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. आत्ता ठाण्यात, कळव्यात, ऐरोलीत कुणाच्या तरी घरी बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय आणि त्या इमारतीत तुम्ही राहत नाही.

आईच्या छातीतली गाठ कळल्यावर आमच्याकडे माणसांची कमी नव्हती. मावशी आली, मामा आले, बाबांचे बँकेतले मित्र आले. अर्धे म्हणायचे, "काही होत नाही हो, हल्ली सगळे बरे होतात." उरलेले आवाज खाली आणून ओळखीतल्या कुणाचं काय झालं ते सांगायचे. एकांनी गव्हांकुरांचा रस आणून दिला, वर रोज पाठवतो म्हणाले. या सगळ्यांना पुढचं सगळं ठाऊक होतं, आम्हालाच काही ठाऊक नव्हतं. तुम्ही मात्र आल्या आल्या विचारलंत, "तुकडा कधी काढला? किती वाजता?"

तेव्हा मला तो प्रश्न विचित्रच वाटला होता. सगळी नोकरी तुम्ही सरकारी इस्पितळाच्या हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे काढलेले तुकडे तपासतात त्या विभागात, टेक्निशियन म्हणून केलीत, हे आपल्या सोसायटीत किती जणांना माहीत असेल कोण जाणे. आम्ही तुम्हाला ओळखायचो ते डाळिंब्यांच्या उसळीमुळे. त्या संध्याकाळी तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलंत, पेन मागितलंत आणि पुढच्या चौकोनांत काय काय लिहायला लागलात.

"आज तुकडा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत आहे. निदान ६ तास राहायला हवा, ७२ च्या वर नको. घाईघाईत बाहेर काढला तर ईआर, पीआर, हर-टू या औषध ठरवणाऱ्या चाचण्यांचे निकाल चुकू शकतात." मग मशीन. आधी अल्कोहोल, तुकड्यातलं पाणी निघून जायला. मग झायलीन, मग वितळलेलं मेण. त्याचा ब्लॉक होतो, मायक्रोटोम नावाच्या कापणीयंत्रावर त्याचे ३-४ मायक्रॉनचे, अगदी पातळ काप निघतात, ते कोमट पाण्यावर तरंगतात आणि खालून काच घालून अलगद उचलायचे. हे सांगताना तुमचा हात आपोआप तसा वळला होता. मग दोन रंग, पेशींची केंद्रकं जांभळी आणि बाकीचं गुलाबी. त्यानंतर कुठे पॅथॉलॉजिस्टचे डोळे. आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे माझा मुरांबा घातलाय म्हणा की." गाठ कळल्यापासून आमच्या घरात कुणी हसलं ते तेव्हा.

ते हसणं मला तितकं मोठं वाटत नाही. मोठं हे, की दुसऱ्या दिवशी बाबांनी लॅबला फोन करून भांडायचं ठरवलं होतं, ते बेत रद्द करून बाजारात गेले. रिपोर्ट लांबतोय म्हणजे काहीतरी लपवतायत, हा त्यांचा संशय चौकोनात "ब्लॉक" लिहिलेलं दिसल्यावर गेला. वाट तेवढीच बघावी लागली. पण आज आत काय चाललंय हे कळत असलं की माणूस जेवतो तरी.

रिपोर्ट आला त्या रात्रीचं तर बाबा अजून सांगतात. "ग्रेड ३" वाचलं आणि त्यांनी मनाशी तिसरी स्टेज धरली. दिवा न लावता गॅलरीत बसून राहिले. मी तुमची बेल वाजवली तेव्हा साडेदहा वाजून गेले असतील. तुम्ही चष्मा शोधून वर आलात. ग्रेड म्हणजे पेशी दिसतात कशा आणि किती वेगाने वाढतायत, ती १ ते ३ मध्येच मोजतात. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय, ते गाठीचा आकार, काखेतल्या गाठी आणि स्कॅन बघून ठरतं, ते अजून व्हायचंय. "ग्रेड ३ चांगली म्हणत नाहीये मी," तुम्ही बजावलंत, "पण जे लिहिलेलं नाही ते वाचू नका." खोटा धीर दिला असतात तर बाबांनी लगेच ओळखला असता, बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात त्यांचा जन्म गेलाय.

आणि मग ते हर-टू २+. ना हो, ना नाही. माझा तोल तिथे सुटला. इतके दिवस थांबून उत्तर काय, तर "सांगता येत नाही"? तुम्ही म्हणालात, हा गोंधळ नाही. रंग मध्यमच चढलाय, नुसत्या बघण्यावर पुढचं औषध ठरवायचं नसतं, म्हणून फिश तपासणीत हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजायला पाठवतात. कालनिर्णयात आणखी चौकोन भरले गेले. त्याच दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, आई वाचेल ना. तुम्ही वाल सोलत होतात, थांबला नाहीत. "मला माहीत नाही. आज कुणालाच नाही." मला फार राग आला. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणूनच मला त्यांच्याशेजारी बसायला आवडतं."

फिश पॉझिटिव्ह आली. त्यामुळे केमोबरोबर हर-टूवरचं औषध ट्रास्टुझुमॅब आलं, दर ३ आठवड्यांनी, एकूण वर्षभर. त्या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. आता आम्ही पनवेल लोकल पकडून खारघरला जातो, टाटा मेमोरियल सेंटरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात. तिथेही तुमचंच एक वाक्य कामी आलं: "नुसता कागद नेऊ नका, ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या." त्यांनी ते स्वतः पुन्हा तपासले. ब्लॉक नसते तर कदाचित आईला परत सुई टोचावी लागली असती.

माझ्यापुरता एक प्रश्न अजून उघडा आहे. आईकडून मला काय आलंय? बीआरसीए या जनुकांतल्या दोषाची तपासणी आधी आईची, मग गरज पडली तर माझी, हा क्रम तुम्ही सांगितलात आणि तिथल्या डॉक्टरांनीही तोच सांगितला. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिक असतात ते ५ ते १० टक्के, पण आईत तो दोष सापडला तर माझ्याकडे यायची शक्यता निम्मी. आईचं रक्त दिलंय. त्याचाही चौकोन कालनिर्णयात मीच लिहिलाय, तुमच्याइतकं अक्षर चांगलं नाही.

आभार कशाचे मानायचे हे ठरवताना मला उसळीचे डबे आठवले, रात्री-अपरात्री उघडलेलं दार आठवलं. पण खरे आभार आहेत ते "मला माहीत नाही" या उत्तराचे. ज्यांना खरंच पुष्कळ माहीत असतं त्यांनाच ते इतकं स्वच्छ म्हणता येत असावं.

आणि एक काम आहे. अॅक्ट्रेकच्या वेटिंगमध्ये घणसोलीची एक मुलगी भेटली, तिच्या आईचंही २+ आलंय. मला आठवलं तेवढं सांगितलं, पण ब्लॉक कुणाच्या नावाने अर्ज करून मागायचे यावर मी अडले. तिला तुमचा नंबर देऊ का? तुम्ही हो म्हणणार हे माहीत आहे, तरी विचारते. साडेआठची मालिका संपल्यावर फोन कर, असं तिला सांगून ठेवीन.

तुमची,
वरच्या मजल्यावरची