चार बोर्ड, एक मोबाइल

संपादक साहेब, नमस्कार.

शेतातल्या ऑटोमेशनबद्दल तुमच्या पेपरात वाचलं, पण एकाच मोबाइलवरून अनेक बोर्ड चालवायची मुख्य डोकेदुखी राहूनच गेली. आमच्याकडे विहिरीवर एक, गोठ्यात एक आणि ठिबकच्या वॉल्व्हला दोन असे चार छोटे कंट्रोल बोर्ड आहेत, आधी आर्डुइनो नावाच्या बोर्डाला एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल लावलेलं तेव्हा त्या अ‍ॅपमध्ये एक बोर्ड सोडल्याशिवाय दुसरा जोडताच यायचा नाही, नुसता वैताग. मग पोराने वाय-फायवाले ईएसपी३२ बोर्ड आणले, रास्पबेरी पाय या जुन्या छोट्या कॉम्प्युटरवर मॉस्किटो ब्रोकर, म्हणजे एमक्यूटीटी पद्धतीने निरोप पोचवणारा प्रोग्रॅम टाकला (नाव डासाचं, काम पोस्टमनचं), प्रत्येक बोर्डाला वेगळा टॉपिक (निरोपाचा पत्ता) दिला, आता एकाच अ‍ॅपवर सगळं चालतं. फक्त क्लायंट आयडी (बोर्डाचं ओळखनाव) चुकून सारखा ठेवलेला, त्यामुळे एक बोर्ड जोडला की ब्रोकर दुसऱ्याला हाकलायचा, त्यात दोन दिवस गेले. हे एमक्यूटीटी १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींसाठी बनवलेलं, म्हणून कमी रेंजमध्येही भागतं.

मोबाइलवर चालणाऱ्या रेडिमेड स्विचचं मात्र कंपनी तितकी अ‍ॅप, आणि आमच्या एका स्विचच्या कंपनीचा तर सर्व्हर बंद पडला की गोठ्यातला बल्बसुद्धा लागत नाही. २०२२ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं इंटरनेटशिवायही एकत्र चालावीत म्हणून मॅटर नावाचं कॉमन स्टँडर्ड आलंय, मग इंटरनेटशिवाय चालतं का एवढं तरी खोक्यावर छापायला लावा की!

– एक शेतकरी वाचक