पीडीएफ पुरे, आता हसवणारे लघुपट दाखवा: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना सोलापूरहून खुले पत्र

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सादर नमस्कार.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्यात मी हिशेबनीस आहे. गेल्या महिन्यात आमच्या सूत व्यापाऱ्याच्या नावाने ई-मेल आला की, बँक खाते बदलले असून यापुढील रक्कम नव्या खात्यावर पाठवावी. मेलच्या पत्त्यात एकाच अक्षराचा फरक होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या नव्या मुलाने बिल ताडून पाहिले आणि आरटीजीएसने बँकेतून पैसे पाठवले. संध्याकाळी त्याला शंका आली, परंतु मालक सर्वांसमोर झाडतील या धास्तीने तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी खऱ्या व्यापाऱ्याने पैशांसाठी फोन केला, तेव्हा रक्कम अनेक खात्यांत फुटून गेली होती.

लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली असती, तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता होती. (1930 हे साल सोलापूरकरांना इंग्रजांनी शहरात लावलेल्या मार्शल लॉसाठी, म्हणजे लष्करी अंमलासाठी, तोंडपाठ आहे, तो मदतीचा क्रमांकही आहे, हे आमच्या कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हते.)

आता मूळ दुखणे सांगतो. गेल्या वर्षी एका सरकारी कार्यालयाने, ज्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही, बैठक बोलावून जाहीर केले होते की, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषांत विनोदी लघुपट तयार करून ते कारखान्यांत दाखवले जातील. टाळ्या आम्हीच वाजवल्या. प्रत्यक्षात आली ती एक लांबलचक इंग्रजी पीडीएफ आणि सोबत सह्यांचा तक्ता. त्या तक्त्यानुसार आमचा अख्खा कारखाना, इंग्रजीचे अक्षरही न वाचणाऱ्या मागवाल्यांसह, प्रशिक्षित आहे. अभिनंदन!

खातेवही माझ्या ताब्यात असल्याने माझा पगार रोखून धरला आहे. घराचा हप्ता थकला, मुलीच्या क्लासची फी उसनवारीने भरली, आणि तो मुलगा तर नोकरी सोडून गावी निघून गेला. रोज दुपारी एकत्र डबा खाणारी माणसे आता माझ्याकडे पाहून आवाज खाली करतात. यासाठी आपल्या पोर्टलवर कोणता रकाना आहे?

विनोद ही चैन आहे असे आपल्या खात्यातील कोणास वाटत असेल, तर ब्रिटनमध्ये विनोदी नट जॉन क्लीज आणि लेखक अँटनी जे यांनी 1972 साली सहकाऱ्यांसह स्थापलेली कंपनी विनोदी प्रशिक्षणपटांवरच नावारूपाला आली, हे त्यांच्या कानावर घालावे. आमच्याकडे तर पटकथा आयत्या पडल्या आहेत. संगणकाच्या पडद्यावर, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या फोटोखाली, पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली असते. जणू राखण त्यांनीच करायची! चहाचा ट्रे हाती घेतलेल्या अनोळखी माणसासाठी तर वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे अदबीने दार उघडून धरतात. हे दोन मिनिटांत दाखवा, लोक पोट धरून हसतील आणि पुढच्या ट्रेवाल्याला नाव विचारतील. मात्र हसू सवयीचे आणि भामट्याचे व्हावे, फसलेल्या माणसाचे नव्हे. फसलेल्याची टर उडवली की पुढचा माणूस आमच्या मुलासारखाच तोंड लपवतो, आणि चोराला तेवढीच रात्र पुरते.

केंद्र सरकारने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार 2024 या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत 22,845 कोटी रुपये गेले, म्हणजे दिवसाला 60 कोटींहून अधिक. त्यावर उपाय काय, तर फोन लावताना सक्तीने ऐकवलेली सूचना, जिला लोक विटले आणि जी 2025 मध्ये बंद झाली. या व्यवस्थेला शिकवायचे नसतेच, शिकवल्याची नोंद हवी असते. मुंबईची जाहिरात संस्था, हिंदीतून ओढूनताणून केलेले मराठी, कोपऱ्यात आपले हसरे छायाचित्र आणि शेवटी पैसे वापरल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र, एवढ्यावर निधी खर्ची पडतो. सोलापुरात नाटकवेड्या कलावंतांची वाण नाही; त्यांना मात्र निविदा भरण्याइतकी उलाढाल दाखवता येत नाही.

तेव्हा कबूल केलेले लघुपट स्थानिक कलावंतांकडून तिन्ही भाषांत करून घ्यावेत, ते पाळी बदलताना दाखवावेत, आणि फसवणूक तत्काळ कळवणाऱ्या कामगाराचा पगार रोखता येणार नाही असा आदेश काढावा. तिसरी मागणी पहिली वाचली तरी चालेल. उत्तर मराठीत द्यावे आणि कृपया पीडीएफ जोडू नये.

आपला,
एक हिशेबनीस, सोलापूर