लांबी वाढवली म्हणजे गोल्फचं मैदान चांगलं होत नाही

महोदय,
गोल्फचं मैदान जितकं लांब तितकं भारी, असं सर्रास ऐकू येतं. लष्करात असताना छावणीच्या गोल्फ मैदानाची देखभाल सहा वर्षं माझ्याकडे होती, म्हणून लिहितो.

२०१७ ची अमेरिकन ओपन ही गोल्फ स्पर्धा एरिन हिल्सच्या ७,७४१ यार्डांच्या मैदानावर झाली. ब्रूक्स केप्का पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा, तब्बल १६ फटके कमी खेळून जिंकला. २०१३ ला हीच स्पर्धा मेरियनला झाली, ते मैदान सात हजार यार्डांच्याही आत होतं. तिथं जस्टिन रोझ पारपेक्षा एक फटका जास्त घेऊनही विजेता ठरला! अरुंद पट्टे, कडेचं दाट गवत आणि उतरत्या हिरवळी (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) यांनी भल्याभल्यांना घाम फोडला.

आमच्याकडचा चौथा होल जेमतेम १३० यार्डांचा. हिरवळ अंगणाएवढी, नाल्याकडं कललेली. लांब फटक्याचे साहेबलोक तिथं दोन-दोनदा काठी बदलायचे, चिमूटभर गवत उडवून वारा बघायचे. तरी चेंडू एक टप्पा घेऊन हळूच नाल्यात घरंगळायचा.

शिवाय वाढीव प्रत्येक यार्डाला कापणी, खत, पाणी लागतं. मी माण तालुक्यातला. टँकरमागं घागर घेऊन पळालेल्या माणसाला आधी ते पाणी दिसतं.

– एक निवृत्त सुभेदार, दहिवडी (जि. सातारा)