आशाताई, तुम्ही तो पेला सोबत आणलात

आशाताई,

शिवरात्रीच्या संध्याकाळी तीन वर्षांचं लेकरू घेऊन आलात आणि दारातच सांगितलंत, "भांगेच्या ठंडाईचा उरलेला पेला प्यायलंय, दीडेक तास झाला." त्या एका वाक्यासाठी आम्ही सगळे तुमचे मनापासून आभारी आहोत.

पोलिसांच्या धाकानं घरचे बहुधा हेच लपवतात. मग मान टाकलेलं लेकरू पाहून मेंदूज्वर, मण्यार, धोतरा, कपाशीवरचं फवारणीचं औषध असं सारंच धरून चालावं लागतं. पाठीतून पाणी काढण्यापर्यंत पाळी येते. फवारणीच्या काही औषधांनी बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते. धोतऱ्यानं तोंड कोरडं पडतं, अंग तापतं. भांगेत डोळे लाल होतात, झोक जातो, अंग ढिलं पडतं. पण लहानग्यांत या खुणा इतक्या स्वच्छ दिसत नाहीत. म्हणून तो पेला मोलाचा. त्याच्या तळाशी हिरवा गाळ होता. वाटलेली पानं खाली बसतात, त्यामुळे मोठ्यांनी ठेवलेला शेवटचा घोटच सगळ्यात कडक असतो. शिवाय भांगेतला नशेचा अंश दुधातल्या स्निग्धात उतरतो.

आणखी एक. नशा उतरवायला चिंचेचं पाणी पाजायला निघालेल्या आजीला तुम्ही थांबवलंत, हे फार बरं केलंत. गुंगीतल्या लेकराला धड गिळता येत नाही; पाणी, ताक, लिंबू, काहीही श्वासनलिकेत जाऊ शकतं. मीठ-पाण्यानं ओकारी काढणंही तितकंच धोक्याचं. तुम्ही त्याला कुशीवर निजवून आणलंत. तेच हवं होतं.

भांगेवर उतारा देणारं औषध नाही. श्वास, नाडी, रक्तातली साखर पाहत राहायचं, लागेल तसा ऑक्सिजन आणि सलाईन द्यायचं. अंमल कधी दिवसभराहूनही जास्त टिकतो.

धुळवड तोंडावर आहे. अंगणवाडीतल्या बैठकीत एवढं सांगाल का? पोटात गेलेली भांग अर्ध्या तासानं, कधी दोन-तीन तासांनीही चढते. तेव्हा "खेळतंय की अजून" म्हणून घरी थांबू नये, 108 ला फोन करावा. भांगेच्या गोळ्या आणि ठंडाई कुलपात ठेवावी, पेले लगेच विसळावेत. लेकरानं काय खाल्लं ते आम्ही विचारतो, ते उपचारासाठीच.

आपले,
ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर आणि सिस्टर