येताना ते चुंबक आण

गुहागर,
मृगाचा तिसरा दिवस

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू पुन्हा म्हणालास, "ती गाडी आता काढून टाक रे." पाऊस पत्र्यावर एवढा वाजत होता की मला धड बोलता आलं नाही. म्हणून आज सवडीनं लिहायला बसलोय. गाडीला गिऱ्हाईक आलं होतं आणि मी ती दिली नाही. का दिली नाही, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही, कारण ती घेताना माझ्या शेजारी तू उभा होतास.

आठवतंय ना चिपळूणची ती दुपार? १९९७ चं मॉडेल, तीन सिलिंडरची छोटी पांढरी गाडी, अडतीस हजारांना. तू खिशातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलंस आणि दारावरून फिरवायला लागलास. वरच्या अंगाला ते टक्कन चिकटत होतं. खाली, दाराच्या कडेला नेलंस तर घसरून मातीत पडलं. "इथं पत्रा नाही, लांबी भरलीय, नुसती पुट्टी," असं तू माझ्या कानात म्हणालास. मी ऐकलं, आणि तरी पैसे मोजले. आईला दर महिन्याला चिपळूणला तपासायला न्यायचं होतं, एसटीच्या धक्क्यांनी तिची कंबर धरायची, आणि माझ्याजवळ होते तेवढेच पैसे होते. विकणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक होतं. तो एक शब्द बोलला नाही. आठ वर्षं झाली, पण ते मनातून जात नाही.

पहिल्याच पावसाळ्यात गाडीनं सकाळी सुरू व्हायचं सोडलं. सेल्फ मारला की नुसतं कण्हायची. मग शृंगारतळीच्या मिस्त्रींनी मला प्लगना करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून दाखवली. तळहातावर मावेल एवढी काळी वाटी. आत कडेला पितळी टोकं तीन, मधे कोळशाचा एक बारीकसा दाणा, आणि त्या सगळ्यावर दवासारखे बारीक थेंब. त्या ओलाव्यातून करंट भलतीकडे पळतो, प्लगपर्यंत पोचतच नाही. तेव्हापासून पावसाळाभर मी टोपी रात्रीच काढून घरात आणतो. आई ती आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं पुसते आणि चुलीच्या वैलाजवळ ठेवते. सकाळी मी ती गरम गरमच नेऊन बसवतो. चोक ओढला की गाडी सुरू.

उन्हाळ्याची तऱ्हा निराळी. एकदा हापूसच्या पेट्या भरून निघालो, तर मार्गताम्हान्याच्या अलीकडे काटा लाल रेघेला टेकला. रेडिएटरला पिन टोचल्यासारखं भोक. तिथल्या हॉटेलवाल्यानं गाडी गार होऊ दिली, मूठभर हळद मागवून पाण्यातून आत सोडली आणि गळती थांबली. तेवढ्यावर चिपळूण गाठलं. असल्या गोष्टी सांगत बसलो तर पत्र संपणार नाही.

पण ती एक रात्र सांगायलाच हवी. तीन वर्षांपूर्वीचा आषाढ. रात्री दीडला आईला धाप लागली, ओठ निळे पडायला लागले. इथल्या डॉक्टरांनी सुई दिली आणि म्हणाले, थांबू नका, चिपळूणला न्या. पंचेचाळीस किलोमीटर. मागे आईचं डोकं मांडीवर घेऊन ही बसली. शृंगारतळी सोडली आणि वायपर अर्ध्यातच उभे राहिले. काचेवर नुसती पाण्याची भिंत. उतरून काच हातानं पुसावी तर परत बसेपर्यंत तशीच. मी खरंच हादरलो, दोस्ता. मागून हिचा आवाज येत होता, "चला ना, चला ना."

तेवढ्यात मागून मासळीचा टेम्पो आला. ड्रायव्हर भिजत खाली उतरला, काही न विचारता कमरेची तंबाखूची पुडी काढली, ओली केली आणि माझ्या काचेवर खसाखसा चोळली. थेंब धरायचे थांबले, पाणी पातळ होऊन वाहून जायला लागलं, पलीकडचं दिसायला लागलं. मग तो म्हणाला, "माझ्या लाल दिव्यांवर नजर ठेवा, मी सावकाश चालवतो." मासळीला उशीर होत असताना तो माणूस दवाखान्याच्या फाटकापर्यंत आमच्या पुढे चालला. आईला आत नेऊन मी बाहेर आलो तर तो निघून गेलेला. नाव विचारायचं राहून गेलं. आई वाचली. काचेला तंबाखूचा वास कितीतरी दिवस येत होता, आणि मी ती काच धुतली नाही.

म्हणून मला त्या गाडीचा राग येत नाही. तिनं मला वाटेत सोडलं, पण पोचवलंही.

आता यंदाचं. २०२२ ला नोंदणी नवी करून घेतली तेव्हा सहाशेची फी पाच हजारांवर गेली होती. ती मुदत २०२७ ला संपते. तेव्हा म्हटलं, आधी सगळी गाडी तपासून घेऊ. वैशाखात ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं. खालचा पत्रा भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटला होता. बोटानं दाबला तर बोट आरपार गेलं आणि खालची तांबडी माती दिसली. आपल्याकडची हवाच खारी. त्यात गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्याच्या आत चिखल बसतो, पाणी जायची बारीक भोकं बुजतात आणि पत्रा आतून कुजत जातो. वरून रंग चकचकीत.

नेमकं त्याच आठवड्यात गिऱ्हाईक आलं. तरुण मुलगा, नवीनच लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले. तीस हजार द्यायला तयार. गॅरेजवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "चार हजारांत फायबर टाकून लांबी मारून देतो, वरून काळा रंग. कुणाला कळायचं नाही." त्या तीस हजारांची मला किती गरज आहे ते तुला वेगळं सांगायला नको.

मी त्या मुलाला गाडीजवळ नेलं आणि मॅट उचलून दाखवलं. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग "येतो काका" म्हणून निघून गेला. त्याच्या बायकोची जागा पलीकडच्या सीटवर होती, आणि तिकडचा पत्रा मी आधीच दाबून पाहिला होता.

तर ठरवलंय असं. जुना पत्रा मुळापासून कापायचा आणि नवा वेल्डिंग करून बसवायचा. अठरा हजार सांगितलेत. पावसात हे काम करून उपयोग नाही, नव्या पत्र्याला रंगाच्या आधीच गंज धरेल. सुपारीचे पैसे आले की दिवाळीच्या सुमाराला करून घेतो. तोवर गाडी पडवीत उभी आणि आईला एसटीनंच नेणार, कमरेखाली उशी घेऊन. ती म्हणाली, "अरे, मी बसेन उभ्या गाडीत नुसती, तेवढंच बरं वाटेल." काल दुपारी खरंच जाऊन बसली होती.

दिवाळीला वहिनींना आणि मुलांना घेऊन ये. काकूंना माझा नमस्कार सांग. काम झालं की उंबऱ्यापासून दारापर्यंत सगळीकडे तूच ठोकून बघ. येताना ते चुंबक मात्र विसरू नकोस.

तुझाच,
गुहागरकर